फ्रीज विका, गरीब व्हा

नुसतं गरीब असून भागत नाही, कागदावर तसं ठरावं लागतं. गेल्या महिन्यात मावशीच्या एका अर्जापायी चार फेऱ्या मारल्या, त्या शिदोरीवर हे उपाय सांगतो. सल्ला फुकट, झेरॉक्सचे पैसे तुमचे.

तर पहिलं काम, फ्रीज विका. आजच्या आज. मावशीकडे चौकशीला आलेले साहेब उंबऱ्यावरच थबकले, कारण समोर फ्रीज. मावसोजी जहाजावर होते तेव्हाचा, एका अंगाने गंजलेला, वर प्लास्टिकची फुलं. कंप्रेसर जाऊन तीन वर्षं झाली. मावशी त्यात रेशनचे तांदूळ, सोलं आणि कागदांची पिशवी ठेवते, कारण दाराचं रबर अजून घट्ट आहे आणि उंदराला ते उघडत नाही. साहेबांनाही उघडलं नाही. बाहेरूनच शेरा मारला : ‘घरात फ्रीज आहे.’

साहेबांना तरी काय बोलणार? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत फ्रीज, लँडलाइन, दुचाकी, मासेमारीची यांत्रिक होडी यांतलं एक जरी निघालं, तरी घर गरिबांच्या यादीतून आपोआप बाद. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या ज्या वाड्यावर दिवेलागणीनंतर बस नाही, तिथे स्कूटर ही चैन! मच्छीमार होडी घेऊन काय जलविहाराला जातो? घरकुलाच्या निकषांतून फ्रीज, दुचाकी आणि होडी काढायला २०२४ साल उजाडलं. तेरा वर्षं! तेवढ्यात दहावीचं पोर बापाच्या कर्जावर सही करण्याइतकं मोठं होतं. आणि काही साहेबांच्या डोळ्यांतला फ्रीज अजून तिथेच आहे, थंडगार.

लँडलाइन असल्यास तोडा. (ती तशीही बंदच असेल.)

बँकेतलं खातंही बंद करा. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीत, म्हणजे घरात काय काय नाही यावरून मोजायच्या गरिबीत, बारा निर्देशक आहेत, त्यातलं एक बँक खातं. ते असलं की तेवढ्यापुरते तुम्ही गरीब नाही. खात्यात पैसे असावेत अशी अट नाही. याच मोजमापाने २०१९-२१ मध्ये गोव्यात ०.८४ टक्के लोक गरीब निघाले. म्हणजे शंभरात एक अख्खा माणूस भरत नाही. मग मामलेदार कचेरीतली सकाळची रांग कुणाची असते? पर्यटकांची असावी.

राहायला शहरात येऊ नका. गरिबी उष्मांकांवर मोजत, तेव्हा खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० आणि शहरातल्याला २१०० लागतात असं धरलं होतं. पेडण्याहून म्हापशाला बिऱ्हाड हलवलं की तीनशे उष्मांकांची भूक वाटेत कोलवाळच्या पुलावर गळून पडते.

खर्चाचा हिशेब चोख ठेवा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी गोव्याची दारिद्र्यरेषा आखली ती अशी : गावात माणशी महिन्याला १०९० रुपये, शहरात ११३४. दिवसाचे छत्तीस ते अडतीस. त्यात पोदेराचे पाव, नुस्तं (म्हणजे मासळी), औषध, पोरांची वही आणि बसचं तिकीट. त्यानंतर रंगराजन समितीने २०१४ साली वेगळी रेषा सुचवली, ती तशीच राहिली. नवी रेषा काही आली नाही. महागाईला मात्र हे कुणी कळवलेलं दिसत नाही. उलट एकटीच राहणारी बाई सरकारच्या गृहआधार योजनेचे महिन्याचे दीड हजार हातात पडले की त्या जुन्या रेषेच्या वर जाऊन बसते. अभिनंदन, बाय!

हयातीचा दाखला वेळेवर द्या. मेलात तर तेही वेळेत कळवा.

वशिला असेल तर वरचं काहीच वाचू नका. मावशी तिसऱ्या फेरीला सकाळी आठपासून रांगेत होती, तेव्हा एक बाई गाडीतून उतरली. हातात पाटल्या, कानाला फोन. आतून कुणीतरी ‘या या’ म्हणालं. दहा मिनिटांत उत्पन्नाचा दाखला घेऊन गेली. वर्षाला तीन लाखांच्या आत हो, अगदी आत! रांगेतले सगळे बघत होते, कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

आणि आता थट्टा पुरे. खोटा दाखला काढणाऱ्यांनो, तुमच्या घरचा फ्रीज चालू आहे, एसी चालू आहे, आणि ते दीड हजार तुम्हाला चतुर्थीच्या फटाक्यांना लागतात. लाज वाटू द्या थोडी. तुमच्यामुळेच साहेबांना प्रत्येक म्हातारी चोर दिसते. आणि सरकार, गरीब किती कमी झाले याच्या जाहिराती पुरेत. पगार देऊन माणसं पाठवता ना घरोघरी? मग त्यांना फ्रीज मोजायला नका लावू, चुलीवर काय शिजतंय ते बघायला सांगा. आणि साहेब, तुम्ही. दोन पावलं आत आला असता आणि ते दार ओढलं असतं, तर हात झिजला नसता. आत तुमच्याच खात्याचे तांदूळ होते.