विल्सन यांना सरकारने पाठवले होते काय?

‘इंग्रज सरकारने पाद्री जॉन विल्सन यांना मुंबईत धर्मप्रसारासाठी पाठवले, त्यांनी चौपाटीवर कॉलेज बांधले आणि अशोकाचे शिलालेखही त्यांनीच वाचले’ असा मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान आहे तसे टिकत नाही.

विल्सन 1829 साली मुंबईत उतरले ते स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीने. सरकारशी त्या नेमणुकीचा संबंध नव्हता. उलट, 1843 मध्ये स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन चर्च दुभंगले, ते मंडळीला नको असलेला पाद्री जमीनदाराने तिच्यावर लादावा का आणि चर्चच्या कारभारात सरकारी न्यायालयांनी हात घालावा का, या वादावरून. विल्सन ही ढवळाढवळ नको म्हणून वेगळ्या झालेल्या फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्या शाळेसाठी मुंबईत उभी राहिलेली नवी इमारत जुन्या चर्चकडे गेली. सरकारी हस्तकाने असले नुकसान कशाला ओढवून घेतले असते? 1868 नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्या पदाची नेमणूक सरकार करी, हे खरे. घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा. पण तोवर त्यांना मुंबईत येऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

कॉलेजचे उत्तर थोडक्यात देता येते. विल्सन 1 डिसेंबर 1875 रोजी वारले आणि चौपाटीची इमारत 1889 ची आहे. त्यांनी 1832 मध्ये सुरू केली ती इंग्रजी शाळा, जिचे पुढे कॉलेज झाले. (मुलींच्या शाळा सुरू करणाऱ्या त्यांच्या पत्नी मार्गारेट यांचे नाव मात्र या मजकुरात कधीच नसते.)

शिलालेखांच्या बाबतीत श्रेय चुकीच्या माणसाला दिले गेले आहे, तरी विल्सन यांचा वाटा क्षुल्लक नाही. 1835 मध्ये ते गिरनारला गेले, अशोकाचा लेख कोरलेला तेथील खडक त्यांनी पाहिला आणि कॅप्टन लँग यांच्याकडून त्यावरील लेखाचा कापडावर ठसा घेवविला. त्याची नक्कल कलकत्त्यास जुन्या लिपींचे अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली. हे लेख ज्या लिपीत आहेत ती ब्राह्मी लिपी उलगडली ती प्रिन्सेप यांनी, 1837 मध्ये. आणि गिरनारच्या त्याच लेखात त्यांना पुढे अंतियोक या ग्रीक राजाचे नाव सापडले.