वसतिगृह पाडण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अहमदाबादच्या आयआयएममधील, अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान यांनी रचलेली वसतिगृहे मी विद्यार्थ्यांना अभ्यासाला दिली, यावर आपले दोन आक्षेप आहेत: गळक्या, विटा निखळणाऱ्या इमारतींचे भाबडे कौतुक शिकवू नये, आणि आपले किल्ले ढासळत असताना पन्नास-साठ वर्षांच्या बांधकामाला वारसा म्हणू नये.

पहिल्या आक्षेपामागची काळजी मला मान्य आहे. डोक्यावर वीट पडण्याची भीती असलेल्या खोलीत कोणीही राहू नये. परंतु वीट का निखळते, हाच आमचा पहिला प्रश्न होता. गिलावा नसलेल्या भिंतीत ओल मुरून आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचली की त्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने विटा आतूनच फुटतात. शिवाय २००१च्या भूकंपाचे परिणाम आहेतच. एवढे निदान केल्याशिवाय दुरुस्ती काय किंवा पाडकाम काय, दोन्ही अंदाजानेच होणार. डिसेंबर २०२०मध्ये १८पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचे ठरले, देशोदेशींच्या विरोधानंतर १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेतला गेला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये काही इमारतींच्या पुनर्बांधणीचा विषय पुन्हा पुढे आला. याच परिसरातील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केलेले जतन मात्र २०१९मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारास पात्र ठरले होते.

पुनर्वापराचा प्रश्न याहून अवघड निघाला. कान यांनी दहा-दहा खोल्या जिना आणि चहाच्या जागेभोवती रचल्या, लांबलचक बोळ टाळले, कारण येता-जाता होणारी चर्चा हाही त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता. आज प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्वच्छतागृह हवे असते. एका गटाने ते आराखड्यात बसवून पाहिले, तेव्हा मधली सामाईक जागाच नाहीशी झाली. दुसऱ्या गटाने तीन खोल्यांमागे एक खोली स्वच्छतागृहांना दिली, त्यामुळे राहणाऱ्यांची संख्या घटली. कोणता तोटा पत्करायचा यावर वर्गात दोन दिवस वाद झाला, आणि मला तो कौतुकापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

किल्ल्यांविषयीची आपली तळमळ माझीही आहे. तथापि दगड-चुन्याच्या तटबंदीची दुरुस्ती जाणणारे गवंडी अजून सापडतात; गंजलेल्या सळ्यांची विटांची भिंत न पाडता कशी सावरावी, हे जाणणारे हात फार थोडे आहेत. माझे विद्यार्थी उद्या ज्या शहरांत काम करतील, तिथल्या बहुतेक इमारती काँक्रीट आणि लोखंडाच्याच असणार आहेत.