‘पालिकेचं काम तुम्ही का करता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या पाण्यासाठी आमचं रहिवाशांचं मंडळ जे करतं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांब देतो. तुमचा पहिला मुद्दा असा की, आपण मिळकत कर आणि पाणीपट्टी भरतो, मग वस्तीतल्या मंडळाने पालिकेची कामं फुकट का करायची? दुसरा, मंडळ म्हणजे घरमालकांचा कट्टा, भाडेकरूला तिथे कोण विचारतं?

पहिला मुद्दा मला पटत नाही. लाइन दुरुस्त करणं, व्हॉल्व्ह फिरवणं पालिकेचंच काम, त्याला आम्ही हातही लावत नाही. पण उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी आमच्या गल्लीतल्या शेवटच्या चार घरांत पोचत नव्हतं, ते आमच्याच करणीनं. पुढच्या घरांनी नळाला थेट मोटर लावलेली. ती सुरू झाली की सगळं पाणी तिकडे ओढलं जातं आणि मागचा नळ नुसता फुसफुसतो. लाइन कुठे फुटली असेल तर गटाराची घाणही आत येते. दंडाच्या भीतीनं मोटर चार दिवस माळ्यावर जाते, पुन्हा खाली उतरते. शेजाऱ्याला मात्र रोज तोंड द्यावं लागतं.

म्हणून आम्ही पाण्याच्या नोंदींची वही ठेवली. दोनशे पानी, दोरीला पेन बांधलेली, किराणा दुकानाच्या काउंटरवर. तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, शेवटच्या नळाखाली घागर भरायला किती मिनिटं लागली. मोटरी बंद ठेवल्या त्या दिवशी शेवटच्या घरातल्या आजींची घागर चार मिनिटांत भरली. आधीच्या पानावर त्याच रकान्यात ‘भरली नाही’ असं लिहिलं होतं. ती दोन पानं घेऊन मी घरोघर गेलो. भांडणं झाली. पण आता पाणी आधी हौदात पडतं, मग मोटरीनं वर चढतं.

नगरसेवकाकडे जा, असंही तुम्ही म्हणता. जायलाच हवं. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. तेव्हा गल्लीचं गाऱ्हाणं एकमुखानं कोण मांडणार होतं?

भाडेकरूंबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि ते मला लागलं. आमच्याकडच्या बऱ्याच भाडेकरू बायका विड्या वळतात. विड्या जमा करायला कारखान्यात गेल्या आणि मागे पाणी येऊन गेलं, तर पुढची पाळी येईपर्यंत उसनं पाणी. पाणी सुटल्याचा मेसेज आम्ही फक्त मालकांच्या ग्रुपवर टाकत होतो, तोही मराठीत. घरात तेलुगू बोलणाऱ्या कित्येकींना तो वाचता येत नव्हता. आता गल्लीतली एक मुलगी तेलुगूत बोलून पाठवते. तरी सभासद व्हायला घरपट्टीची पावती लागते, ही अट अजून आहेच. राज्यात क्षेत्र सभेचा, म्हणजे शहराच्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेचा, कायदा २००९ मध्ये झाला, त्यात त्या भागातला प्रत्येक मतदार बसतो. घर कुणाच्या नावावर आहे हे विचारत नाहीत. मग आम्ही का विचारावं?

येत्या बैठकीत ती अट काढायचा ठराव मी मांडतोय. तुम्ही जवळ राहत असाल तर जरूर या. वही दुकानातच असते, आधी चाळून बघा.