शेजारच्या देशाला पत्र कसं पोचू देऊ नये

सर्वात आधी अभिनंदन. खिशात फोन असताना आणि फुकटात शुभेच्छा धाडता येत असताना तुम्ही शेजारच्या देशातल्या माणसाला पोस्टकार्ड टाकायचं मनावर घेतलंत. आता ते पोचणार नाही याची नीट तजवीज करू. पत्र पोचलं की उत्तर येतं, उत्तर आलं की पुन्हा लिहावं लागतं, आणि विषय वाढत जातो. हरवलेल्या पत्राला ही कटकट नसते. "टाकलं होतं हो, मिळालं नाही का?" एवढ्या भांडवलावर माणसं तीस-तीस वर्षं संबंध टिकवून आहेत.

सुरुवात पत्त्यापासून. पत्ता कधीही विचारून घेऊ नये, आठवेल तसा लिहावा. आमच्याच कॉलनीचा दाखला देतो. तापीकाठचं तालुक्याचं गाव. कॉलनीत वीस-बावीस वर्षं एक नेपाळी गुरखा रात्रीचा फिरायचा. शिट्टी, रस्त्यावर काठीची ठकठक, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दाराशी येऊन "साबजी". आधी दहा रुपये होते, शेवटी शेवटी पन्नास झाले. अख्खी कॉलनी त्याला बहादूर म्हणायची. २०२४च्या उन्हाळ्यात आम्ही वर्गणी काढून कॅमेरे बसवले आणि शेवभाजीचं जेवण घालून त्याला निरोप दिला. (कॅमेरे त्याच पावसाळ्यात बंद पडले, पण तो विषय वेगळा.)

दिवाळी आली तशी कॉलनीचे अध्यक्ष आप्पा यांना कळवळा आला. "बहादूरला आपलं एक कार्ड गेलं पाहिजे." अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'श्री. बहादूर, नेपाळ'. कुणाला ते अपुरं वाटलं, म्हणून 'पाल्पा' जोडलं, कारण तो तसं काहीतरी म्हणायचा. शेजारच्या जिजींना आठवलं की त्याचं घर डोंगरावर आहे. तेही कंसात घातलं. हा पत्ता तुम्ही उतरवून घ्यावा अशी शिफारस आहे. नेपाळात डोंगर आणि बहादूर या दोन्हींची टंचाई नाही.

चुकून तुमच्याकडे खरा पत्ता असलाच, तर निदान तो जुना आहे का ते बघा. २०१७ साली नेपाळने गावोगावच्या विकास समित्या मोडून देशभर ७५३ नव्या स्थानिक पालिका केल्या. तुमच्या डायरीतला पत्ता त्याआधीचा असेल तर सोन्याहून पिवळं.

मग पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आपल्या टपालाला सहा आकड्यांची शिस्त लावली. म्हणून आपल्या कार्डावर सहा चौकोन असतात. नेपाळचा कोड मात्र पाच आकडी. काठमांडूचा ४४६००. पाच आकडे भरले की एक चौकोन रिकामा राहतो, आणि फॉर्मातला रिकामा चौकोन आपल्याला बघवत नाही. तेव्हा सुरुवातीला आणखी एक ४ ठोकून द्या. झाले ४४४६००. अमरावतीचा पिन ४४४६०१. म्हणजे काठमांडूचं पत्र भुसावळहून पुढे निघेल ते थेट वऱ्हाडात उतरेल. तिकडची माणसं पाहुणचाराला चांगली आहेत.

लिपीचा मुद्दा जरा नाजूक आहे. ९ ऑक्टोबर १८७४ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देश बसले आणि त्यांनी टपालाची एक संघटना काढून ठरवलं की टपालापुरतं सगळं जग हा एकच मुलूख. भारत १८७६ साली त्यात सामील झाला. या संघटनेची अधिकृत भाषा फ्रेंच, आणि परदेशी टपालावरचा पत्ता रोमन अक्षरांत लिहावा असा दंडक. आता गंमत बघा. आपली मराठी देवनागरीत, त्यांची नेपाळीही देवनागरीत. मधली सरहद्द ओलांडायला आपल्या किंवा त्यांच्या माणसाला व्हिसा लागत नाही, १९५०चा तसा करारच आहे. पण पत्त्याने मात्र देवनागरीतून निघून, रोमनचे कपडे घालून, पुन्हा देवनागरीत उतरायचं. या प्रवासात नावाचं काय होतं ते स्वतःच्या आधार कार्डावर स्वतःचं नाव वाचणाऱ्याला सांगायला नको. आम्ही अर्थातच स्वाभिमानाने मराठीत लिहिलं, ठळक 'नेपाळ'. त्यांच्या लिहिण्यात 'ळ' नाही, ते 'नेपाल' लिहितात. निदान आपला ळ तरी बाहेरगावी जाऊन आला असता.

तिकीट किती लागेल हे खिडकीवर विचारू नका. विचारलं की सांगतात, मग तेवढं लावावं लागतं, आणि पत्र जायचा धोका उभा राहतो. अंदाजाने लावा. कमी पडलं तर नॉटपेड होईल आणि समोरच्याला पदरचे पैसे भरून तुमच्या शुभेच्छा सोडवून घ्याव्या लागतील. माया यानेच वाढते.

मजकुराची चिंता नको. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' यात निम्मं कार्ड जातं. उरलेल्यात हवामान टाका. ताजा कलम मात्र पत्त्याच्या बाजूवर, पत्त्याला खेटून, जमल्यास त्याच्यावरूनच.

कुणी म्हणेल, मग मार्गच नाही का? आहे की. भुसावळला गोरखपूरची गाडी थांबते. गोरखपूरहून सोनौलीची बस, पुढे पायी सरहद्द, मग बुटवल आणि वर पाल्पा. कार्ड खिशात घालून स्वतः गेलात तर आठवड्याच्या आत देऊन परत याल. आमच्या रावेर-यावलची केळी तर हिरवी तोडून कंटेनरात बसतात आणि आखातात जाऊन पिवळी होतात. पण केळीला घाई असते. शुभेच्छा नासत नाहीत.

पाकिस्तानचं सगळ्यात सोपं. फाळणीनंतर खान्देशात आलेल्या सिंधी घरांमधल्या जुन्या लोकांना विचारा. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिकडून टपाल बंद झालं, नोव्हेंबरात पत्रं पुन्हा सुरू झाली, आणि मे २०२५मध्ये आपण तिकडून येणारी पत्रं-पार्सलं बंद केली. वाट बघायचं कामच उरलं नाही. असा सरळ कारभार नेपाळच्या बाबतीत मिळत नाही, तिथे आशा ठेवावी लागते.

आमचं कार्ड कुठे गेलं, माहीत नाही. कोणत्याही खात्याला दोष देत नाही. असा पत्ता वाचून एखाद्या सॉर्टरने हात जोडले असतील तर मी त्याच्या बाजूने साक्ष देईन.

आणि मग मार्च २०२५मध्ये, होळीच्या आगेमागे, उलटंच झालं. आम्हालाच कार्ड आलं. हिमालयाचं चित्र, मागे हिंदीत बारीक अक्षर. पत्ता असा: प्लॉट नंबर, गट नंबर, जुन्या पाण्याच्या टाकीमागे, पिन सहाच्या सहा आकडे. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना स्वतःचा गट नंबर येत नाही. पण कार्डाचा खालचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. ते मयताचं कार्ड. उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. जिजींनी लांबूनच पाहिलं आणि ओरडल्या, "कोन गय रे भाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता बंब पेटवला. अंगणात दहा माणसं जमली. मी सही वाचली. ते नाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. आप्पांनी दोनदा वाचायला लावलं. "आपल्यात असं कोणी नाही." गेलं कोण ते कळेना आणि कळवतंय कोण तेही कळेना. सुतक किती दिवसांचं यावर मात्र चर्चा सुरू झाली होती.

वर तारीख होती कार्तिक २०८१. म्हणजे लिहिण्याच्या छप्पन्न वर्षं आधीच कार्ड आमच्या हातात. एवढं तत्पर टपाल जगात कुठे नसेल. तिकडे विक्रम संवत चालतं, हे मास्तरांनी खुलासा केल्यावर कळलं.

मग मजकूर वाचला. जिजीचा गुडघा कसा आहे. आप्पाजींची साखर. सात नंबरचा पाइप अजून गळतो का, रात्री तो वाजतो. मुलीचं लग्न मंसिरमध्ये आहे, सगळ्यांनी यावं. मंसिर म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, लग्नाला तीन-चार महिने होऊन गेले होते. आणि शेवटी, "इधर रात को नींद नहीं आती. दो बजे उठ जाता हूँ."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सात नंबरवाला म्हणाला, "अरे, हाऊ ते बहादूर शे!"

तर आता आम्हाला त्याचं नाव माहीत आहे. इथे देत नाही, त्याला विचारलेलं नाही. जिजींनी बंब विझवला. आप्पांनी आहेराची वर्गणी जाहीर केली, ती जमते आहे. उत्तर लिहायला मी बसलो आहे. नाव नीट लिहिलं. पाल्पा लिहिलं. त्याने स्वतःचा पत्ताही पूर्ण दिला होता, पण तो खालच्या कोपऱ्यात होता. 'वडा नं.' एवढं शिल्लक आहे (तिकडे वॉर्डाला वडा म्हणतात), आकडा कोपऱ्याबरोबर गेला.

"घर डोंगरावर आहे, ते टाकलं ना रे?" जिजींनी कुंपणापलीकडून विचारलं.

टाकलं आहे. कंसात.