तेहतीस कोटींवरची कोटी

सण जवळ आला की घरच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. यंदा तो आमच्या आत्याने पाठवला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मजकूर असा: आपल्या धर्मात तेहतीस कोटी देव नाहीतच, तेहतीस प्रकारचे देव आहेत. संस्कृतात कोटी म्हणजे प्रकार. वेदांत ‘तेहतीस कोटी’ लिहिलंय, परकीयांनी त्याचे मुद्दाम करोड केले आणि आपली टर उडवली. पुढे यादी: १२ आदित्य, ८ वसू, ११ रुद्र, २ अश्विनीकुमार. शेवटी, दहा जणांना पाठवा.

आत्याला उलट उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी कोटी हा शब्द. त्याला एकच अर्थ नाही, हे खरं. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, धनुष्याच्या टोकाला कोटी म्हटलंय. टोकावरून शिखर, शिखरावरून पायरी, दर्जा असा अर्थ सरकत गेला. ‘उच्च कोटीचा गवई’ म्हणतो तो त्यातलाच. वादातला एकेक पक्ष म्हणजेही कोटी, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची चतुष्कोटी, म्हणजे चार पक्षांची मांडणी, प्रसिद्धच आहे. तेव्हा ‘प्रकार’ अगदी हवेतून काढलेला नाही. पण कोशात एक अर्थ सापडला म्हणून तो हव्या त्या ठिकाणी बसवता येत नाही. छप्पन्न कोटी यादव म्हणजे छप्पन्न प्रकारचे यादव का? नऊ कोटी कात्यायनींचं काय करायचं? खंडोबाच्या ‘येळकोट’चा उलगडा कानडी ‘एळु कोटी’ म्हणजे सात कोटी असा करतात. तिथे सात प्रकार कशाचे म्हणणार? संख्येच्या पाठीला लागलेली कोटी आपल्या परंपरेत मोजणीचीच आहे, मग ती मोजणी खरी असो की ‘अगणित’ सांगायची एक रीत.

वेदांत तेहतीस कोटी आहेत, हा मुद्दा तर सगळ्यात कच्चा. वेदांत आहेत ते नुसते तेहतीस. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १३९व्या सूक्तात अकरा देव द्युलोकात, अकरा पृथ्वीवर, अकरा पाण्यात अशी वाटणी आहे. अथर्ववेदाच्या स्कंभसूक्तात ‘त्रयस्त्रिंशद् देवा’, म्हणजे तेहतीस देव, येतात. कोटी हा शब्द तिथे नाहीच. जो नाही त्याचा अर्थ परक्यांनी बिघडवला कसा? बरं, ऋग्वेद तेहतिसावर अडूनही बसत नाही. तिसऱ्या मंडलातल्या नवव्या सूक्तात अग्नीची सेवा करणाऱ्या देवांचा आकडा आहे ३,३३९. तिकडे बौद्धांचा एक स्वर्गच ‘त्रायस्त्रिंश’ नावाचा, तेहतीस देवांचा, आणि शक्र त्यांचा राजा. तिथेही मोजलेत ते देवच.

यादीकडे जरा निरखून पाहा. आदित्य, वसू, रुद्र, अश्विनीकुमार: हे प्रकार झाले चार. तेहतीस ही त्या चार गटांतल्या देवांची बेरीज आहे. निरोप स्वतःच्याच यादीने खोटा पडतो, आणि दहा जणांना पाठवणाऱ्यांपैकी कोणी बोटांवर मोजून बघत नाही. शेवटच्या दोन जागांवर तर जुन्या ग्रंथांचंही एकमत नाही. वाल्मीकी रामायणात तिथे अश्विनीकुमार आहेत, शतपथ ब्राह्मणात एके ठिकाणी द्यावा-पृथिवी म्हणजे आकाश आणि पृथ्वी (आणि प्रजापती वर चौतिसावा), बृहदारण्यक उपनिषदात इंद्र आणि प्रजापती.

परकीयांचा कट? कीर्तनकार रावणाच्या बंदीत पडलेले तेहतीस कोटी देव पिढ्यान् पिढ्या रंगवून सांगत आलेत. गाईच्या अंगी तेहतीस कोटी देव, हे आजीने सांगितलं, साहेबाने नव्हे.

मला खटकते ती या निरोपामागची शरम. आकडा फार मोठा वाटतो, चारचौघांत अवघडल्यासारखं होतं, म्हणून तो कापून लहान करायचा. पण देव किती, हा प्रश्न आपल्याकडे भर सभेत विचारून झालाय आणि तिथे कोणी अवघडलं नव्हतं. प्रसंग त्याच बृहदारण्यक उपनिषदातला, विदेहाच्या जनकाचा यज्ञ. विदग्ध शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, देव किती? उत्तर येतं, निविदेत, म्हणजे देवांना आवाहन करणाऱ्या वैदिक मंत्रात, सांगितलेत तितके: तीन आणि तीनशे, तीन आणि तीन हजार. म्हणजे ३,३०६. शाकल्य म्हणतो, ठीक, पण खरे किती? तेहतीस. खरे किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, मग एक.

मोठा आकडा याज्ञवल्क्य नाकारत नाही. त्या देवांच्या विभूती आहेत, देव तेहतीसच, असं सांगतो आणि एकेकाची ओळख करून देतो. वसू म्हणजे अग्नी, पृथ्वी, वायू, अंतरिक्ष, आदित्य, द्यौ, चंद्र, नक्षत्रं. आदित्य म्हणजे वर्षाचे बारा महिने. रुद्र म्हणजे माणसातले दहा प्राण आणि अकरावा आत्मा. देह सोडताना ते रडवतात, म्हणून रुद्र. इंद्र म्हणजे गडगडाट, प्रजापती म्हणजे यज्ञ. पुढे तीन देव म्हणजे तीन लोक, दोन म्हणजे अन्न आणि प्राण, आणि एक म्हणजे प्राण, त्यालाच ब्रह्म म्हणतात. आपला निरोप यातल्या दुसऱ्या उत्तरावरच थांबतो. शाकल्य तिथे थांबला नाही.

हे सगळं शेवटी आत्याला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते असू दे रे. पण दीड देव कसा?”

उपनिषदातही नेमका हाच आक्षेप आहे. दीड म्हणजे हा वाहणारा वारा, असं सांगितल्यावर म्हटलंय: वारा तर एकच वाहतो, मग दीड कसा? याज्ञवल्क्याचं उत्तर असं, की याच्यात हे सगळं वाढीला लागलं, ‘अध्यार्ध्नोत्’, म्हणून हा ‘अध्यर्ध’. आणि अध्यर्ध म्हणजे दीड. “म्हणजे,” आत्या म्हणाली, “त्याने कोटी केली!”