नववा अंक मी अजून माफ केलेला नाही

आज कपाट आवरायला घेतलं आणि अख्खी दुपार रागात गेली. ‘हीरोज इन क्रायसिस’ या कॉमिक्सचे नऊ अंक एका गठ्ठ्यात सापडले, प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेले. पहिला अंक बाहेर काढला तर त्यातून एक घडी घातलेली चिठ्ठी खाली पडली. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची. भावाच्या अक्षरात तारीख, वेळ, आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेला एक शब्द: ‘जायचंच’.

तिथेच फरशीवर बसून नऊच्या नऊ अंक परत वाचले. वाटलं होतं, इतक्या वर्षांनी राग निवळला असेल. कसला निवळतोय!

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीची ही मालिका सप्टेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात आली. लेखक टॉम किंग, बरीचशी चित्रं क्ले मानची. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन मिळून ‘सँक्च्युअरी’ नावाची जागा उभारतात. लढून लढून आतून मोडलेल्यांनी तिथे यायचं, मनातलं बोलायचं, आणि ते कुणाच्याही कानावर जाणार नाही याची हमी. बाहेरून दिसायला साधं शेतावरचं घर. पहिल्याच अंकात तिथे प्रेतं पडलेली दिसतात. मारलं कुणी, हे कोडं पुढचे अंक चालतं. (शेवट सांगणार आहे. नको असेल त्यांनी इथेच थांबा.)

आता भावाबद्दल. त्याला विचारून लिहितेय. त्या वर्षी तो रात्र रात्र जागा असायचा. आम्ही घरच्यांनी जे सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं: मन रमव, फिरून ये, फार विचार करू नकोस. डॉक्टरांचं नाव काढलं की तो उठून आत जायचा. मग मी काही न बोलता हा पहिला अंक त्याच्या हातात दिला. त्यात नऊ-नऊ चौकटींची पानं आहेत. एकेक हिरो समोर बघत बसलाय आणि बोलतोय. चौकट तीच, अंतर तेच, फक्त चेहरा किंचित बदलतो. मध्येच कुणी गप्प होतो आणि ती चौकट नुसती कोरी जाते. भाऊ त्या पानावर कितीतरी वेळ थांबला. म्हणाला, ‘ताई, याला पण बोलता येत नाहीये बघ.’

आठवडाभराने तो डॉक्टरांकडे गेला. ती चिठ्ठी त्याने त्याच पानात ठेवली होती.

म्हणून पहिल्या अंकाचे उपकार मी विसरणार नाही. आणि म्हणूनच शेवटच्या दोन अंकांवर माझा इतका जीव जळतो.

कारण खुनी निघतो वॉली वेस्ट. वॉली! १९५९ पासूनचं पात्र. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशचा, म्हणजे बॅरी ॲलनचा, छोटा साथीदार ‘किड फ्लॅश’ म्हणून आला, आणि १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेत बॅरी गेल्यावर त्याने फ्लॅशचं नाव पेललं. आमच्यासारख्यांसमोर हा पोरगा मोठा झाला, लिंडाशी लग्न केलं, जय आणि आयरिस ही जुळी मुलं झाली. २०११ मध्ये डीसीने सगळं विश्व पुसून नव्याने मांडलं आणि त्यात हे घरच गायब झालं. २०१६ च्या ‘रीबर्थ’ विशेषांकात वॉली परत येतो, एकेकाला हाक मारतो, कुणीच ओळखत नाही, लिंडासुद्धा नाही. शेवटी बॅरी त्याचं नाव घेतो आणि मिठी मारतो. ते पान आठवलं तरी माझ्या घशात आवंढा येतो.

असा माणूस सँक्च्युअरीत का येतो? मुलं आठवतात म्हणून. जी मुलं त्याच्याशिवाय कुणाला आठवतच नाहीत. यापेक्षा खरं दुःख सुपरहिरोंच्या गोष्टीत दुसरं कुठलं? आणि त्याचं यांनी काय केलं? इतरांचे पुसलेले कबुलीजबाब तो जोडून बघतो, सगळ्यांचं दुःख एकदम त्याच्या अंगावर येतं, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, आणि धावत मदतीला आलेलेच मरतात. त्यांत रॉय हार्पर, त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

अपघात होता, मान्य. पण पुढचं? तिथेच असलेल्या बूस्टर गोल्ड आणि हार्ली क्विन यांच्यावर संशय जावा म्हणून हाच वॉली शांत डोक्याने खोटे पुरावे पेरतो. हा अपघात नाही. ज्या वॉलीला आपण ओळखतो तो धावत जाऊन सांगेल, ‘माझ्या हातून झालं.’ हे तुम्हाला मी पटवून द्यायची गरज नाही.

आणि नववा अंक! आठ अंक ताणलेलं कोडं, आणि उत्तर काय, तर काळाच्या पुढे जाऊन क्लोन केलेलं शरीर आणा, प्रेतांमध्ये वॉलीचंही जे प्रेत दिसलं होतं त्याच्या जागी ठेवा, झालं. वॉली तुरुंगात. गुपित ठेवू म्हणून घेतलेले कबुलीजबाब तर आधीच पत्रकार लोइस लेनच्या हाती जाऊन जगासमोर आलेले. म्हणजे ज्या जागेने शब्द दिला होता, तिथला शब्दही टिकला नाही.

भावाने नववा अंक माझ्यासमोर वाचला. मिटला, टेबलावर ठेवला. म्हणाला, ‘म्हणजे मदत मागायला गेलेलाच शेवटी खुनी?’ मी उत्तर देऊ शकले नाही. आजही नाही. नशीब, त्याने डॉक्टर सोडले नाहीत. कॉमिक्स मात्र सोडली. त्यानंतर त्याने एकही हातात धरलं नाही.

लेखकाचा हेतू वाईट नव्हता. किंग सीआयएत काम केलेला माणूस, स्वतःच्या पॅनिक अटॅकबद्दल उघडपणे बोललेला. ठीक आहे. चित्रंही देखणी, तेही कबूल. शेवटच्या अंकातसुद्धा कितीतरी हिरो एकेका चौकटीत आपापलं बोलतात, ती पानं मी आज दोनदा वाचली. तीच खरी मालिका होती! नऊ अंक नुसते तसेच चालले असते तर मी प्रत्येकाच्या हातात नेऊन दिले असते. खून लागतच नव्हता. कुणीतरी दार लोटून आत येतं, खुर्चीत बसतं, आणि बोलू की नको या विचारात एक चौकट गप्प राहतं. भावाला तेवढंच पुरलं होतं ना?

पोस्ट टाकू का, हे विचारायला संध्याकाळी त्याला फोन केला. चिठ्ठीचं सांगितलं तर हसला. ‘फेकू नकोस, ताई, ठेव ती.’ मग इकडचं तिकडचं बोललो. ठेवता ठेवता एकदम म्हणाला, ‘त्या वॉलीची पोरं भेटली का गं त्याला?’

भेटली, म्हटलं. २०२१ पासून पुन्हा तोच फ्लॅश आहे. लिंडा आहे, जय आहे, आयरिस आहे. सगळे एका घरात.

‘बरं झालं,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘येताना ते घेऊन ये.’