जुन्या पेठेतलं वालकंपाउंड

पोळा झाल्यावरचा रविवार. महादेवाच्या देवळापुढच्या पारावर आम्ही नेहमीचे पाच-सहा जण बसलो होतो. विषय निघायचा होता कपाशीचा, निघाला भिंतीचा. आमच्यातल्याच एका मित्राने जुन्या पेठेतल्या त्याच्या वाड्यापुढे सिमेंटच्या तयार फळ्यांचं सहा फुटी वालकंपाउंड टाकायचं ठरवलंय. ग्रामपंचायतीत त्याचा अर्ज आहे, मागे आणखी दोन अर्ज आहेत. उपसरपंच पारावरच होते. म्हणाले, "मंगळवारी मासिक सभा हाय. तुमाले काय वाटते ते आताच सांगा."

आमची पेठ म्हणजे समोरासमोर बारा-पंधरा वाडे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, सपरीपुढे ओटा, ओट्यापुढे अंगण आणि मग गल्ली. मध्ये भिंत नाही. ज्यांना बाजूला आवार आहे त्यांची छातीएवढी मातीची भिंत, आणि ती पावसात विरघळू नये म्हणून तिच्या डोक्यावर कवेलूंची ओळ. मागच्या सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेला, तेवढी पराट्यांची नाहीतर तुराट्यांची वई, म्हणजे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचं कुंपण.

मित्र तापलेलाच होता. "माया पैसा, मायी जागा. रात्री डुकरं आंगनात शिरतात, माकडं कवेलू फोडतात. मी वावरात जातो तं घरी माय एकटी रायते. तुमी येनार काय राखन कराले?" गेल्या वर्षी त्याच्या अंगणातून मोटारपंपाचं केबल चोरीला गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पहिल्या झटक्यात कोणी बोललं नाही.

मग गुरुजी बोलले. जागा त्याची हे त्यांना मान्य होतं, पण भिंतीबद्दल पंचायतीला विचारावंच लागतं यावर ते ठाम होते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात इमारत कशाला म्हणायचं ते सांगताना नुसतं घर धरलेलं नाही. भिंत, व्हरांडा, ओटा, दाराची पायरी हे सगळं त्यात येतं. आणि सार्वजनिक रस्त्यावर अडथळा झाला तर कलम ५३ आहेच.

"गुरुजी, पुरातत्त्ववाल्यायचं काई हाय काय आपल्या पेठेत?" उपसरपंचांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते, असा नियम आहे. पण आमच्या पेठेत असं स्मारक नाही. म्हणजे पेठ राखायची तर ती गावानेच राखायची.

मित्र म्हणाला, "भिंती बांधनं काई नवीन हाय काय? चांद्याले गोंड राजानं अख्ख्या गावाले परकोट घातला."

मला हे उदाहरण त्याच्याच विरुद्ध जाणारं वाटलं, आणि मी तसं बोललो. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा परकोट साऱ्या गावाभोवती एकच आहे. त्यालाही जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे माणसांना ये-जा करायला लहान दारं. कोट बाहेरच्या शत्रूसाठी होता. इथे आपण शेजाऱ्यापुढे कोट घालतोय.

एवढा वेळ तंबाखू मळत बसलेले गवंडीमामा मग बोलायला लागले, आणि माझ्या मते खरी चर्चा तिथून सुरू झाली. "थे फळ्यायचे खांब दीड-दोन फूट खड्ड्यात गाडतात. आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतात. दोन-तीन वर्सात खांब तिरपे होतात, मंग फळ्या निसटतात." दुसरं पाण्याचं. पेठेचा उतार देवळाकडून नाल्याकडे आहे, पाणी आज अंगणांतून पसरत जातं. सलग भिंत आली की ते शेजारच्या मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी तुंबणार. तिसरं, वालकंपाउंडासोबत वाड्याच्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा करायचा त्याचा बेत आहे. मामांनी हातच जोडले. मातीची भिंत ओल ओढते आणि वाळवते. वर सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्यासकट खाली येते. त्यांनी स्वतः अशा दोन भिंती उतरवल्या आहेत.

मित्र म्हणाला, "पन मायचं काय?"

याचं उत्तर त्याला आवडणार नाही हे माहीत असूनही मी दिलं. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या आईला चक्कर आली, त्या ओट्यावर पडल्या. समोरच्या काकूंना त्या दिसल्या म्हणून पाच मिनिटांत चार बाया धावल्या. सहा फुटांची भिंत असती तर तो वावरातून येईपर्यंत कोणाला कळलं नसतं. आमच्या पेठेत राखण अशीच होते, समोरच्या सपरीतून. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पन रात्री तं सारेच झोपतात नं." हेही खरं आहे.

शेवटी बोलणं उंचीवर आलं. मागच्या सांदवाडीला न्हाणी आहे, तिथे हवी तेवढी उंच भिंत बांधावी. पुढे मात्र बसकी भिंत, वर लोखंडी जाळी, म्हणजे डुकरंही थांबतील आणि ओटाही दिसेल. खाली पाण्याला मोऱ्या. ओटा मोडायचा नाही.

"अन् कोपऱ्यावरच्या घराले काऊन कोनी इचारलं नाई?" त्याने विचारलं. तिथे दोन वर्षांपूर्वी अर्ज न करताच सात फूट भिंत उभी झाली, कारण घर वजनदार माणसाचं आहे. मला याचा संताप येतो. नियम तोंडी असला की तो गरिबालाच लागतो. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पेठेच्या भिंतींचा ठराव लिहून घ्यायचा, सगळ्यांना एकच, असा आग्रह मी धरला. उपसरपंच हो म्हणाले, पण जरा थांबून.

उठता उठता मामांनी फीत काढली. आम्ही सगळे पेठेत गेलो आणि त्यांनी मित्राच्या शेजारच्या आवाराची जुनी भिंत मोजली. चार फूट दोन इंच. उपसरपंचांनी तो आकडा खिशातल्या डायरीत लिहिला. जाळीचा भाव उद्या तालुक्याला वेल्डिंगवाल्याकडे विचारतो, असं म्हणून मित्र घरात शिरला, आणि दारातून परत वळून कोपऱ्यावरच्या भिंतीचं काय ते पुन्हा विचारलं. उपसरपंच तोवर पुढे निघून गेले होते.